थ्रीडी स्लायसर आणि ‘बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर’ : जबड्याचं नियोजन आपल्याच लॅपटॉपवर

मी ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला की त्या जागी पायातलं फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट आणायचं आणि त्याचा नवा जबडा बांधायचा, हे आमच्या टीमचं नेहमीचं काम. त्याचं नियोजन आता मी थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरवर करते आणि सोबत त्यातलंच ‘बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर’ हे एक्स्टेन्शन वापरते. तरुण सहकारी, एमडीएसचे विद्यार्थी आणि पेशंटचे नातेवाईकसुद्धा याबद्दल विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. मत आधीच सांगते : जिल्ह्याच्या ठिकाणी असं काम करणाऱ्या प्रत्येक टीममध्ये निदान एकाला तरी हे यायलाच हवं. फुकट आहे हे एक कारण झालं. मोठं कारण वेळेचं आहे, त्याकडे येतेच.

आधी अडचण काय आहे ते समजून घेऊ. जबडा कमानीसारखा वळलेला, फिब्युला सरळ. सरळ हाडातून वळण काढायचं तर त्याचे दोन-तीन तुकडे करायचे आणि प्रत्येक सांध्यावर पाचर काढून ते कोनात जोडायचे. फोटोफ्रेमवाला पट्टी तिरकी कापून कोपरा जुळवतो तसंच, फक्त इथे प्रत्येक काप दोन दिशांनी तिरका असतो आणि हाडाला चिकटलेल्या रक्तवाहिनीला धक्का लागून चालत नाही. तुकडा फार आखूड झाला, साधारण दोन सेंटिमीटरच्या खाली गेला, तर त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. पूर्वी आम्ही हे सगळं टेबलावर नजरेने करायचो. काढलेल्या जबड्याशेजारी फिब्युला धरायचा, कापायचा, लावून बघायचा, पुन्हा थोडा घासायचा. हात बसलेले सर्जन यात सुरेख काम करतात. मी ज्यांच्याकडे शिकले ते सर तर नुसत्या अंदाजाने असा कोन काढायचे की बघत राहावं. पण तो हात यायला वर्षं जातात, आणि तोवर येणाऱ्या पेशंटलाही चांगला जबडा मिळाला पाहिजे.

फिब्युला रक्तवाहिन्यांसकट दुसरीकडे बसवण्याची पद्धत मेलबर्नच्या टेलर यांनी १९७५ साली मांडली. जबड्यासाठी तिचा वापर न्यूयॉर्कच्या हिदाल्गो यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला. संगणकावर आधी शस्त्रक्रिया करून बघायची आणि त्याबरहुकूम कापायचे साचे (हाडावर बसणारे, करवतीसाठी फट ठेवलेले) बनवून घ्यायचे, हा प्रघात त्यानंतर आला. २००९ साली हिर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला आणि तिथून या पद्धतीने जोर धरला. तेव्हापासून व्यावसायिक सेवा आहेत : बेल्जियमची मटेरियलाइझ, जर्मनीची केएलएस मार्टिन, अमेरिकेची स्ट्रायकर. सीटी पाठवायचा, त्यांच्या इंजिनिअरबरोबर ऑनलाइन बसून योजना ठरवायची, मग साचे आणि हवी तर पेशंटच्याच मापाची टायटॅनियमची प्लेट बनून येते. दर्जा उत्तम असतो, त्याबद्दल शंका नाही.

माझी अडचण वेगळी. माझे बहुतेक पेशंट गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचे. तंबाखू, मावा, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि ओपीडीत अजूनही पंचविशीतली मुलं बोटभर न उघडणारं तोंड घेऊन बसलेली असतात. या गाठी थांबत नाहीत. एकदा एका सेवेकडून (नाव देत नाही) साचे यायला इतका उशीर झाला की मधल्या काळात गाठ पुढे सरकली. नव्या सीटीवर हाडाचा काप जिथे असायला हवा होता, तिथे साच्याची फट नव्हतीच. ते साचे तसेच बाजूला ठेवून आम्ही हाताने काम केलं. पेशंटच्या कुटुंबाने त्यासाठी कर्ज काढलं होतं. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि घरच्या घरी नियोजन शिकायचंच, हे तेव्हा पक्कं झालं.

थ्रीडी स्लायसरचा जन्म बोस्टनचा. ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या कामातून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते उभं राहिलं आणि आज जगभरातले लोक त्यात भर घालतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. फार भारी मशिन लागत नाही, पण रॅममध्ये कंजुषी करू नका. डेटाच्या दहापट मेमरी असावी असा त्यांचाच सल्ला आहे, आणि पायाचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, मोठा असतो. ‘बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर’ त्याच्या एक्स्टेन्शन मॅनेजरमधून दोन क्लिकमध्ये उतरतं.

खरी लढाई सॉफ्टवेअरच्या आधी सुरू होते, सीटी सेंटरवर. पेशंट बाहेरून स्कॅन करून सीडी आणतो. उघडून बघावं तर स्लाइस पाच मिलिमीटरच्या. त्यात दातही धड दिसत नाहीत, साचा कुठला बनणार! मी सरळ टेक्निशियनला फोन लावते. “दादा, बोन विंडोचे एक मिलिमीटरच्या आतले काप हवेत, ०.६२५ असतील तर उत्तम.” “मॅडम, सीडीत तर तेवढंच टाकतो आम्ही.” “माहितीये, पण मशिनवर बारीक काप असतील ना अजून?” असतात, पण काही दिवसच. मग ते मशिनवरून पुसले जातात आणि पेशंटला पुन्हा किरणं घ्यावी लागतात. म्हणून आता सीटीच्या चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरात लिहून देते : जबडा आणि दोन्ही पाय, पातळ काप, डायकॉम (स्कॅनची मूळ) फाइल जशीच्या तशी. पायाच्या स्कॅनला कॉन्ट्रास्ट लागतो, त्याआधी किडनी ठीक आहे ना हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघून घ्यायचं. आणि पायाच्या रक्तवाहिन्या आधी पाहिल्याशिवाय योजना सुरूच करायची नाही. फिब्युलासोबत पेरोनियल धमनी काढावी लागते, आणि काही जणांत पावलाचा मुख्य रक्तपुरवठाच तिच्यावर असतो. त्या पायाचा फिब्युला घेतला तर पाऊल गमवायची वेळ येईल.

पुढचं काम सेगमेंटेशनचं, म्हणजे सीटीतून हाड वेगळं काढणं. स्लायसरमध्ये ‘सेगमेंट एडिटर’ आहे. थ्रेशोल्ड (घनतेची मर्यादा) लावला की हाड उजळून येतं, मग ‘सिझर्स’ने मणका आणि कवटी कापून टाकायची, ‘आयलंड्स’ने सुटे ठिपके काढायचे. पायाचं हाड पटकन होतं. जबडा वेळ खातो, कारण दातांवरच्या धातूच्या टोप्या. क्राऊन किंवा अमाल्गम असलं की त्याभोवती चांदण्यांसारखे पट्टे फुटतात आणि वरचे-खालचे दात एकमेकांत मिसळतात. तिथे एकेक काप उघडून ब्रशने हाताने रंगवत जावं लागतं. सांध्याच्या खोबणीतला कॉन्डाइलही (जबड्याचं वरचं गोल टोक) असाच सुटा करावा लागतो. संध्याकाळी ओपीडी संपली की मी हे घेऊन बसते. कंटाळवाणं वाटेल, पण मला ते आवडायला लागलंय. एका पेशंटच्या जबड्याचा इंच न् इंच असा नजरेखालून गेला की दुसऱ्या दिवशी टेबलावर तो ओळखीचा वाटतो. रिपोर्टमध्ये न आलेली, मज्जातंतूच्या नळीकडे झुकणारी झीज मला इथेच दिसली आहे.

गाठीने हाडाचा आकारच बिघडवला असेल तर ‘डायनॅमिक मॉडेलर’मध्ये निरोगी बाजूचा आरसा-प्रतिबिंब काढून नमुना म्हणून ठेवता येतो.

मग प्लॅनर. इथे या एक्स्टेन्शनची खरी करामत आहे. जबड्याच्या कडेने एक वक्ररेषा आखायची, जिथे कापायचं तिथे प्रतलं (कापाच्या सपाट पातळ्या) ठेवायची, फिब्युलावर लांबीच्या दिशेने रेषा द्यायची, डावा की उजवा पाय ते सांगायचं आणि बटण दाबायचं. फिब्युलाचे तुकडे मोजून-कापून जबड्याच्या जागी येऊन बसतात. आता जबड्यावरचं एखादं प्रतल माउसने धरून थोडं सरकवा. फिब्युलावरचे काप तिथल्या तिथे बदलतात. दोन तुकड्यांत किती हाड सोडायचं, घोट्याजवळ किती राखायचं, सगळं समोर दिसतं. घोट्यापाशी सहा ते आठ सेंटिमीटर आम्ही हात लावत नाही, नाहीतर घोटा डगमगतो. वरच्या टोकालाही पाच-सहा सेंटिमीटर सोडतो, तिथून पाऊल उचलणारी नस वळसा घालून जाते.

याच पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि त्याचं कारण उंची. दात असलेला जबडा सहज तीन सेंटिमीटर उंच असतो, फिब्युला त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग तो ठेवायचा कुठे? खालच्या कडेला लावला तर चेहऱ्याची रेषा छान राहते, पण पुढे दंतरोपण करायचं तर दात फारच उंच बांधावे लागतात. वर सरकवला तर दातांचं जमतं, खाली गाल बसतो. काही वेळा हनुवटीकडच्या भागात दोन तुकडे एकावर एक ठेवून ‘डबल बॅरल’ करतो. तरुण पेशंटच्या अमेलोब्लास्टोमात, म्हणजे जबड्यातल्या सौम्य गाठीत, दातांचा विचार आधी. रेडिएशन ठरलेल्या, वय झालेल्या पेशंटमध्ये जखम नीट भरणं आणि गिळता येणं आधी. हे वाद पूर्वी टेबलावर, पेशंट भुलीत असताना, घाईने मिटवले जायचे. आता प्लास्टिक सर्जन, दंतरोपण करणारे सहकारी आणि मी एका स्क्रीनभोवती बसून, चहा घेत, दोन-तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून भांडतो. संगणकाने आम्हाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते हीच.

योजना पक्की झाली की प्लॅनर साच्यावरच्या खाचा, त्याच्या भाषेत ‘मायटर बॉक्स’, आपोआप तयार करतो. फटीची रुंदी, लांबी, भिंतीची जाडी आपण द्यायची. इथे एक सूचना : फटीची रुंदी कॅटलॉग बघून टाकू नका. ओटीतलं (ऑपरेशन थिएटरमधलं) करवतीचं ब्लेड मागवा आणि व्हर्नियरने मोजा. फट सैल झाली की ब्लेड आत हेलकावतं आणि संगणकावरचा कोन हाडात उतरत नाही. घट्ट झाली की ब्लेड साच्याचं रेझिन (छपाईचं कडक प्लास्टिक) खरवडतं आणि त्याचा भुगा जखमेत जातो. साच्याचा हाडावर बसणारा तळ मात्र बराचसा आपल्यालाच घडवावा लागतो, आणि नवख्या माणसाचा धीर तिथेच सुटतो. व्यावसायिक सेवेत हे काम इंजिनिअर करतो. फिब्युलावर हाडाला चिकटून पातळ स्नायूचा थर ठेवलेला असतो, त्याचा विचार करून तळाला थोडी ढील द्यावी लागते.

कॅन्सरच्या केसमध्ये मी नेहमी जबड्याच्या साच्यात जादा फट ठेवते. ठरलेल्या कापापासून सेंटिमीटरभर पुढे दुसरी. गाठ अपेक्षेपेक्षा पुढे निघाली तर तिच्यातून कापायचं, आणि त्या लांबीचा फिब्युलाचा दुसरा साचाही निर्जंतुक करून तयार असतो. स्कॅनपासून शस्त्रक्रियेपर्यंत फार दिवस गेले तर नवा स्कॅन घेऊन योजना बदलायची, आणि ती एका रात्रीत बदलता येते. मघाशी वेळेचं म्हणाले ते हेच.

थ्रीडी छपाईबद्दल. जबड्याचं मॉडेल पीएलए या साध्या प्लास्टिकमध्ये छापलं तरी चालतं, ते फक्त हातात धरून प्लेट वाकवायला. पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडतं, त्यामुळे ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकायचं नाही. कुणी टाकलंच तर ट्रेमधून वेडावाकडा गोळा निघेल. जखमेत जाणारे साचे सर्जिकल गाइडसाठी प्रमाणित असलेल्या रेझिनचेच हवेत. त्याचं धुणं, अतिनील प्रकाशात पक्कं करणं आणि ऑटोक्लेव्हचं तापमान-वेळ उत्पादकाने लिहिल्याप्रमाणे तंतोतंत. प्रिंटर स्वस्तातला मिळेल, पण त्या रेझिनला तो चालतो का हे आधी बघा. ऑटोक्लेव्हनंतर साचा पुन्हा मॉडेलवर बसवून पाहण्याची सवय आमच्या ओटीच्या सिस्टरांनी लावून घेतली आहे. डुगडुगला तर त्या तो ट्रेवर येऊच देत नाहीत.

प्लेट वाकवणं हा भाग मला फार प्रिय आहे. २.४ मिलिमीटरची लॉकिंग प्लेट, दोन पक्कडी आणि छापलेला नवा जबडा. प्रत्येक भोकाशी थोडं वाकवायचं, मॉडेलला लावायचं, फटीतून उजेड दिसतो का बघायचं. टायटॅनियम पुढे-मागे फार वाकवलं की थकतं आणि पुढे कधीतरी तोंडात मोडतं, म्हणून एकाच दिशेने, विचार करून. हे काम ओटीत, उघड्या जखमेशेजारी करण्यापेक्षा आदल्या दिवशी शांतपणे केलेलं केव्हाही चांगलं.

तेच मॉडेल मी पेशंटच्या हातात देते. मागे एका रिक्षाचालक काकांच्या पत्नीने ते बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं. लाल रंगवलेल्या भागावर बोट ठेवून विचारलं, “एवढं सगळं जाणार का हो, डॉक्टर?” मी हो म्हटलं. मग फिब्युलाचा भाग दाखवला. “आणि हे पायातलं? पुन्हा रिक्षा चालवतील ना?” शरीराचं बहुतेक वजन शेजारचं जाड हाड, टिबिया, पेलतं, घोट्याजवळचा भाग आम्ही तसाच ठेवतो, काही आठवडे जपावं लागेल, मग चालता येईल, असं त्यांना मॉडेलवरच समजावलं. काका तोवर काही बोलत नव्हते. त्यांनी मॉडेल घेतलं, आपल्या गालाशी धरलं आणि म्हणाले, “चेहरा राहतो म्हणा की.” संमतीपत्रावर सही त्यानंतर झाली. इतकं समजून केलेली सही मी पूर्वी फार क्वचित पाहिली होती.

ओटीतला फरक काय? साच्यांमुळे फिब्युला पायातच, रक्त चालू असताना, कापून प्लेटला बसवता येतो. गळ्याकडची टीम तोवर आपलं काम उरकते. मग रक्तवाहिनी तोडायची आणि नेऊन जोडायची. हाड रक्ताशिवाय राहतं तो वेळ कमी होतो, एकूण वेळही वाचतो. हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे आणि आमचाही अनुभव तोच. फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट आणून जोडलेला भाग, जगण्याचं प्रमाण मात्र नियोजनाने वाढतं असं दिसलेलं नाही. ते अजूनही सूक्ष्मदर्शकाखालच्या टाक्यांवर आणि रात्री तासातासाला फ्लॅप तपासणाऱ्या निवासी डॉक्टरांवर अवलंबून आहे. मऊ भागाचं, म्हणजे जिभेचं, गालाच्या आतल्या अस्तराचं, हाडासोबत आणलेल्या त्वचेच्या तुकड्याचं (पॅडल) नियोजन हे सॉफ्टवेअर करत नाही. कातडीला रक्त देणारी बारीक वाहिनी नेमकी कुठे येणार, तिच्यामुळे तुकड्यांची जागा बदलायची का, हे डॉप्लर (रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) आणि डोळे वापरून आपणच ठरवायचं.

तक्रारी सांगायलाच हव्यात. स्लायसर आपोआप सेव्ह करत नाही. मोठ्या डेटावर बूलियन क्रिया (एका आकारातून दुसरा वजा करणं वगैरे) चालवताना अडकलं की तासाभराचं काम जातं, त्यामुळे प्रत्येक पायरीला एमआरबी (सगळं काम एकत्र ठेवणारी) फाइल नव्या नावाने साठवायची. मेनू गोंधळात टाकतात. एकच गोष्ट तीन ठिकाणी सापडते. आवृत्ती बदलली की एखादं बटण हलतं, म्हणून केस चालू असताना अपडेट करायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : हे सॉफ्टवेअर संशोधनासाठी आहे, उपचारासाठी त्याला मान्यता नाही, नियम पाळण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची, असं ते करणाऱ्यांनीच स्पष्ट लिहून ठेवलंय. त्यामुळे रुग्णालयाच्या नैतिकता समितीशी आधी बोला, पेशंटच्या संमतीपत्रात तसं लिहा, आणि साचा बसला नाही तर हाताने काम पुरं करू शकणारा सर्जन टेबलावर असू द्या. तो नसेल तर हे वापरू नका.

व्यावसायिक सेवा कधी घ्यावी? पेशंटच्या मापाची छापील टायटॅनियम प्लेट हवी असेल, एकाच वेळी हाड आणि दात बसवायचे असतील, डोळ्याच्या खोबणीचं किंवा वरच्या जबड्याचं गुंतागुंतीचं काम असेल, आणि गाठ सौम्य असल्यामुळे थांबायला सवड असेल, तर खुशाल घ्या. अनुभवी इंजिनिअर सोबत असणं मोलाचं असतं. पैशांची सोय आहे का हे मात्र कुटुंबाला मोकळेपणाने विचारा आणि नाही म्हणाले तर त्यांना कमीपणा वाटू देऊ नका.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी जुन्या, झालेल्या केसचा सीटी घ्यावा. ती केस तुम्ही हाताने कशी केली होती ते माहीत आहे. आता तीच प्लॅनरवर करा आणि नंतरच्या सीटीवर ठेवून ताडून बघा. मग मॉडेल छापा आणि प्लेट वाकवायच्या सरावाला लागा, साच्यांकडे नंतर वळा. पहिली खरी केस अमेलोब्लास्टोमाची निवडा, जिथे गाठ महिनाभर थांबली तरी चालेल. आणि आजच सीटी सेंटरच्या दादांना फोन करून पातळ काप किती दिवस ठेवतात ते विचारून घ्या.